नव्वदावी वडी

शनिवारी सुटीला अर्धा तास उरला असताना तार पुन्हा तुटली.

साबणाची लादी पलंगाएवढी होती आणि तार केसाएवढी. दोन्ही टोकांना लाकडी मुठी. एक मूठ तारवाल्याच्या हातात, दुसरी जोडीदाराच्या, आणि दोघांनी एका श्वासात मागे सरकत जायचं, म्हणजे लादीची सरळ पट्टी निघायची. पूर्वी तार जायची ती आवाजसुद्धा न करता. आताशा मधेच कुरकुरायची, दाताखाली खडा आल्यासारखी, आणि तारवाल्याच्या अंगावर काटा यायचा. आज तुटली तेव्हा तिचं टोक सपकन येऊन त्याच्या मनगटाला लागलं.

"महिन्यातली चौथी," तो मुकादमाला म्हणाला. "पूर्वी एक तार अख्खा हंगाम जायची."

मुकादमाने नाकावरचा रुमाल न काढता तुटकी तार उजेडात धरली. कारखान्यात आता सगळेच रुमाल बांधत. कामासाठी नव्हे, एकमेकांसाठी.

"तार जुनी असेल," मुकादम म्हणाला.

"कालच नवी लावली."

"मग माणूस जुना झाला असेल. हात थरथरतात का रे तुझे?"

जोडीदार खी खी हसला. तारवाल्याचे कान तापले. वीस वर्षं त्याने लादी कापली होती. त्याच्या वडीला पट्टी लावून बघावी, चारही कोपरे काटकोनात. लादीत काहीतरी आहे हे त्याच्या हातांना कळत होतं, पण 'हात थरथरतात' हे ऐकल्यावर पुढे बोलायची सोय राहिली नाही. त्याने मुकाट्याने नवी तार ओढली.

सुटी झाल्यावर मजुरीच्या बारा वड्या घ्यायला तो मांडणीपाशी गेला. हा त्याचा मान होता. बाकीच्यांना मुकादम हाताला येतील त्या द्यायचा, तारवाला मात्र स्वतः निवडून घ्यायचा. त्याने प्रत्येक वडी हातावर तोलली, नखाने टोचून पाहिली, ठसा डोळ्यांजवळ धरला. जड, टणक, धारदार कोपऱ्यांच्या बारा वड्या त्याने फडक्यात बांधल्या आणि ते गाठोडं तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून घरची वाट धरली.

वड्यांचं हे राज्य येऊन चार महिने होत आले होते. आधी बँकेचं शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. मग नोटांची किंमत अशी घसरायला लागली, की पिठाच्या रांगेत पुढे उभा असलेला माणूस मागच्यापेक्षा स्वस्तात सुटायचा. शेवटी पीठवाल्याने पाटी लावली, 'नोटा आणून लाजवू नये.' कारखान्याचा माल न्यायला ट्रक येईनात, मालक शहरात गेला तो फोन उचलेना, आणि मुकादमाकडे मजुरी द्यायला साबणाखेरीज काही उरलं नाही. त्याने वड्या वाटल्या. हजामाने त्या घेतल्या, कारण त्याला दाढीला साबण लागतच होता. हजामाकडून पीठवाल्याने घेतल्या, पीठवाल्याकडून चांभाराने, आणि महिन्याभरात गावात वडी चालू झाली. दोन वड्यांना पिठाची पिशवी, अर्धीला दाढी, पाव वडीला चपलेचा अंगठा.

हा पाव आणि अर्धा तंतोतंत कापणार कोण, तर तारवाला. दर रविवारी त्याच्या ओसरीवर रांग लागायची. वीस वर्षं ज्याला कुणी 'काय, कसं काय' विचारलं नव्हतं, त्याला आता पीठवाला रस्त्यात थांबून नमस्कार करायचा. तारवाल्याला हे इतकं मानवलं होतं, की नोटा परत येऊ नयेत असं त्याला मनातून वाटे. बायकोजवळ त्याने हे एकदा बोलूनही दाखवलं होतं.

एकच अडचण झाली. कोपरे धारदार आणि ठसा कोरा असेल तरच वडी चाले. पाणी लागलेली वडी कुणी हातात धरेना. त्यामुळे गावाने साबण लावायचंच सोडलं. अंगाला पैसे चोळत बसणारा वेडा कोण? भांडी राखेने निघत, कपडे नुसत्या पाण्यात आपटले जात, आणि माणसं तशीच राहत. त्यात उन्हाळा. लोक वाऱ्याची दिशा पाहून एकमेकांशी बोलायला उभे राहू लागले. शाळेच्या मास्तरांनी वर्ग झाडाखाली आणला आणि स्वतः झाडावर बसायचं तेवढं बाकी ठेवलं. घराघरात साबणाच्या थप्प्या होत्या आणि सगळं गाव खारवलेल्या माशासारखं वास मारत होतं.

घरी आल्या आल्या तारवाल्याने पेटी ओढली. एरवी तो हिशोब मनातच ठेवायचा, आज जुन्या वड्यांवर नव्या बारा रचल्या आणि पहिल्यांदाच मोजायला घेतलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकोणनव्वद.

"एक कमी आहे," तो म्हणाला.

"उंदराने नेली असेल," बायको चुलीपाशून म्हणाली.

"अख्खी? ठशासकट?"

"मग मी खाल्ली असेन."

कोपऱ्यात पाय पसरून त्याची म्हातारी आई कांदे सोलत होती. "उंदीर फार माजलेत हल्ली," ती म्हणाली आणि डोळे पुसले. कांदा तिखट असावा.

सकाळी दूधवाली गाय घेऊन येणार होती. नव्वद वड्यांना सौदा ठरला होता. दोन गायींना पुरेल इतका चारा तिच्याकडे राहिला नव्हता, म्हणून ती एक काढत होती. आणि तारवाल्याला गाय हवीच होती, कारण आतल्या खोलीत त्याची लेक नऊ महिन्यांची पोटुशी पडून होती. जावई काम शोधायला गेला तो अजून शोधतच होता. लेकीच्या हातांची नुसती हाडं राहिली होती. मागच्या आठवड्यात सुईणीने तिचं मनगट दोन बोटांत धरलं आणि तारवाल्याला बाहेर बोलावून सांगितलं, "हिच्या पोटात रोज दूध गेलं नाही, तर हिच्या अंगावर दूध यायचं नाही. मग बाळाला काय पाजशील? साबण?"

तेव्हापासून तारवाल्याला स्वप्नंही गायीचीच पडत.

"एका वडीसाठी दूधवाली मागे फिरायची नाही," बायको म्हणाली. मग आवाज खाली आणून, म्हातारीकडे पाठ करून, "मला तुमच्याशी दुसरंच बोलायचंय. आईंच्या अंगाला वास येत नाही."

"काय?"

"वासच येत नाही. मी दोनदा जवळ जाऊन बघितलं."

हा आरोप साधा नव्हता. गेल्या महिन्यात चांभाराची बायको जत्रेला निघाल्यासारखी स्वच्छ दिसली, तर पीठवाल्याने तिचा हात हुंगून चारचौघांत विचारलं होतं, एवढी मिळकत आली कुठून? तारवाला उठून आईजवळ जाऊन बसला आणि खाकरला.

"आई, तू... आंघोळ करतेस?"

"करते की. पाण्याने."

"नुसत्या पाण्याने?"

"म्हाताऱ्या माणसाला घाम येत नाही रे बाबा," म्हातारी म्हणाली. "तुझ्या वयाचं होऊन बघ. आणि जरा लांब बस, कांद्याचा वास येईना मला."

पेटीतल्या वड्यांचा मात्र तारवाल्याला अभिमान होता. सुरुवातीच्या वड्या वाळून आक्रसायच्या, कोपरे मऊ व्हायचे, उंदीर कुरतडायचे. म्हणून तो जुन्या वड्या एकेक करून पिठात खर्चत गेला आणि त्यांच्या जागी नव्या ठेवत गेला. नव्या कशा, दगडासारख्या! आक्रसणं नाही, झिजणं नाही. उंदीर तर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. आपल्या सापळ्याची दहशत बसली, असं तारवाल्याने चारजणांना सांगितलं होतं.

रविवारी ऊन ओसरीवर चढतंय तोच दूधवाली गाय ओढत आली. अंगाने आडवी, आवाजाने उभी बाई. गाय मात्र खाली मान घालून चालणारी, तांबडी, कास भरलेली. तारवाल्याचा जीव तिला बघूनच थंड झाला. दूधवालीने गाय खांबाला बांधली, ओसरीवर बैठक मारली आणि पदराने वारा घेऊ लागली. त्या वाऱ्याने तारवाला दोन पावलं मागे सरकला. त्याचा स्वतःचा वारा तिला लागला, तेव्हा तीही थोडी सरकली. दोघांनीही वाईट वाटून घेतलं नाही.

"काढा वड्या," ती म्हणाली.

"वहिनी, एक कमी आहे. पुढच्या शनिवारी—"

"एकीचं काय घेऊन बसलात! मांडा इथे."

तो पेटी ओढत बाहेर आणतो न आणतो तोच आतून लेकीची किंकाळी आली. बायको धावत बाहेर आली. "अहो, सुरू झालं! सुईणीला आणा!"

तारवाला अनवाणीच धावला. सुईण चार घरं पलीकडे राहायची. वयाने म्हातारी, पण पायांत वारं. येताना तीच पुढे होती आणि तारवाला मागे धापा टाकत होता. घरात शिरताच तिने बाह्या सरकवल्या, पातेल्यात उकळत ठेवलेलं पाणी बादलीत ओतायला लावलं, लेकीच्या पोटावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "वेळ फार नाही. साबण."

बायकोने तारवाल्याकडे पाहिलं आणि तारवाल्याने चुलीकडे.

"राख चालेल का, मावशी?" तारवाल्याने विचारलं.

"राख भांड्यांना. मी काय तुझ्या लेकीला घासायला आलेय? सगळ्या गावाची घाण अंगावर घेऊन फिरतोय आपण. या हातांनी मी तिला शिवणार नाही. मागच्या महिन्यात एका घरी शिवले. अजून झोप नाही मला."

ती एवढंच म्हणाली. कुठल्या घरी ते तारवाल्याला माहीत होतं. त्या बाईच्या मयताला तो गेला होता. तो वळला, ओसरीवर गेला आणि पेटीतली एक वडी काढली. दूधवालीची नजर त्याच्यावरच होती.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली.

सुईणीने वडी पाण्यात बुडवली तेव्हा तारवाल्याने डोळे मिटून घेतले. कोपरे गेले, ठसा गेला. त्याला वाटलं होतं फेस बघून थोडं तरी बरं वाटेल, म्हणून त्याने डोळे उघडले. सुईण हात चोळत होती. चोळत होती, चोळत होती, आणि तिच्या कोपरांवरून राखाडी पाणी ओघळत होतं. फेसाचं नाव नाही.

"ही कसली वडी?"

"ओल धरली असेल. दुसरी आणतो."

"सत्त्याऐंशी," बाहेरून आवाज आला.

दुसरीचं तेच. तिसरी सुईणीने जमिनीवर आपटली. ती फुटली आणि आत पांढुरकी माती दिसली. कुंभाराच्या अंगणात असते तशी, स्वच्छ चाळलेली, वरून हाताला लागेल एवढंच तेल चोपडलेली.

तारवाला तो तुकडा हातात घेऊन बघत राहिला. तार का तुटत होती ते त्याला आता कळलं. कळलं म्हणजे काय, ते त्याला दोन महिने कळतच होतं. तेल संपलं होतं, कढईत माती जात होती, आणि सगळ्या गावात एकानेही वडी ओली करून पाहिली नव्हती. आणि त्याने? त्याने जड, टणक, न झिजणारी वडी निवडून घेतली होती. म्हणजे गावातली सगळ्यात अस्सल माती त्याच्याच पेटीत होती. उंदरांना कळलं ते त्याला कळलं नव्हतं.

आतून लेक पुन्हा ओरडली, या वेळी "आई गं" असं लांबवत. सुईण ओले हात वर धरून उभी होती आणि हलत नव्हती. पेटीभर वड्या असून पोरगी हातची जाणार, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता.

तेवढ्यात म्हातारी आपल्या गोधडीपाशी गेली. गोधडीच्या घडीतून तिने चिंधी काढली, चिंधीतून चिंधी काढली आणि सुईणीच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. झिजून झिजून पानासारखी पातळ झालेली साबणाची चकती. मधून उजेड दिसत होता.

"पहिल्या मजुरीतली आहे," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "मला खाज सुटते. मी काय करू?"

सुईणीने चकती ओली केली. दोनदा चोळली असेल नसेल, तिच्या बोटांमधून पांढराशुभ्र फेस वर आला. तो वास! चार महिन्यांत त्या घरात म्हातारीखेरीज कुणी घेतला नव्हता. बायकोने श्वास ओढून घेतला. तारवाला तर सगळं विसरून फेसाकडे बघतच राहिला.

"उंदीर," तो म्हणाला.

"हो, मीच उंदीर," म्हातारी म्हणाली. "आता बाहेर जा. पुरुषांचं काम नाही इथे."

बाहेर ओसरीवर दूधवालीने वड्यांच्या दहा-दहाच्या थप्प्या लावल्या होत्या. ती एकेका वडीचा कोपरा बोटाने दाबून बघत होती आणि प्रत्येक वेळी मान डोलावत होती.

"आत तीन वड्या ओल्या केल्यात तुम्ही," ती म्हणाली. "शहाऐंशी राहिल्या. असू दे. लेकीचं बाळंतपण आहे, शहाऐंशीला देते. वड्या मात्र एकेक देखणी निवडलीत हो. तारवाल्याच्या घरची म्हणजे डोळे मिटून घ्यावी."

ती आपल्या गोणीचं तोंड उघडून वड्या भरायला लागली. गाय खांबाला अंग घाशीत उभी होती. तारवाल्याला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प कसं बसावं हे त्याला दोन महिन्यांत चांगलं जमलं होतं. दूधवाली काही आज वडी ओली करणार नव्हती, उद्याही नाही. कदाचित आणखी महिनाभर कुणालाच काही कळलं नसतं, आणि तोवर लेकीच्या अंगावर मांस आलं असतं. पण ती 'डोळे मिटून' म्हणाली होती, आणि ते त्याच्या फार वर्मी लागलं. मनगटावरचा तारेचा वळ चुरचुरत होता.

"वहिनी, भरू नका," तो म्हणाला.

"का? भाव वाढवताय?"

त्याने एक वडी उचलली आणि गायीसमोरच्या बादलीत बुडवून तिच्यापुढे दोन्ही हातांनी चोळून दाखवली. राखाडी ओघळ खाली गेला. गायीने मान पुढे करून वडी चाटली आणि तोंड वाकडं केलं.

दूधवालीने हातातली वडी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या घरी दोनशे आहेत."

"जुन्या?"

"नव्या. जुन्या झिजतात म्हणून देऊन टाकल्या." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हीच कापत होतात ना? तार सांगत नव्हती?"

"सांगत होती."

"मग?"

"मुकादम म्हणाला, तार जुनी आहे."

"आणि तुम्हाला पटलं?"

"नाही पटलं," तारवाला म्हणाला. "पण रविवारी रांग लागायची, वहिनी. इथे, या ओसरीवर."

दूधवालीने तोंड उघडलं. गावभर गाजलेला तो आवाज आता निघणार म्हणून तारवाल्याने मान खाली घातली. पण त्याआधी आतून दुसराच आवाज आला. बारीक, चिरका, संतापलेला. दोघेही तसेच थांबले. आवाज एकदा थांबला, मग दुप्पट जोराने सुरू झाला.

"मुलगी!" म्हातारीने दारातून डोकं काढून सांगितलं. "दोघी ठीक आहेत. आणि सुईण विचारतेय, दुधाचं काय झालं?"

तारवाल्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तो दूधवालीकडे बघेना. दूधवाली उठली, गोणी उलटी करून तिने वड्या धडाधड ओसरीवर ओतल्या आणि म्हातारीसमोर जाऊन उभी राहिली.

"मघाशी कसला वास आला हो तुमच्या घरातून?"

म्हातारीने मूठ पाठीमागे नेली.

"दाखवा."

म्हातारीने नाइलाजाने मूठ उघडली. चकती आणखी पातळ झाली होती. दूधवाली वाकली, हुंगली, आणि तिचा आडवा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"चार महिने झाले मला केस धुऊन," ती म्हणाली. "नवरा अंगणात झोपतो. पाणी तापलेलं आहे ना?"

"आहे."

"मग गाय आजच्या दिवस इथे राहील. दूध मी काढून देते. उद्याही आणीन, परवाही. जोवर ही पुरेल तोवर. वडीबिडी मला दाखवायची नाही."

तारवाल्याने चकती अलगद आईच्या हातातून घेतली आणि उजेडात धरली. वीस वर्षांची नजर होती. "जपून वापरली तर आठ आंघोळी," तो म्हणाला.

"आठ तर आठ," दूधवाली म्हणाली. "नवव्या दिवशी बघू."

तिने भांडं मागून घेतलं, गायीखाली बसली आणि दुधाच्या धारा वाजायला लागल्या. मग भांडं बायकोच्या हातात देऊन ती न्हाणीत शिरली. थोड्याच वेळात न्हाणीच्या मोरीतून पांढरा फेस बाहेर आला, अंगणातून वाहत फाटकाखालून रस्त्यावर गेला. वड्या कापून घ्यायला आलेली रविवारची रांग तिथे उभीच होती. पुढे पीठवाला. त्याने पायाखाली फेस पाहिला आणि टोपी काढली.

"बरकत आहे बुवा या घराची," तो म्हणाला.

तारवाल्याने त्याला सगळं सांगितलं. पीठवाला आधी हसला, मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि तो वळून धावत सुटला. त्याच्यामागे रांग. पाच मिनिटांत घराघरातून बादल्यांचे आवाज यायला लागले. कुणी देवाला हाका मारत होतं, कुणी मुकादमाच्या आईवडलांना. मुकादम स्वतः दुपारी आला, रुमालाशिवाय. त्याच्याकडे सहाशे होत्या. त्यातली एखादी तरी बरी निघेल का, हे त्याला तारवाल्याकडून जाणून घ्यायचं होतं. तारवाल्याने एक हातात घेतली, तोलली आणि परत दिली.

"वडी ठीक आहे," तो म्हणाला. "माणूस जुना झाला असेल."

संध्याकाळी लेक वाटीभर दूध प्यायली आणि तिने बाळाला छातीशी घेतलं. तारवाल्याने दारातून डोकावून पाहिलं. बाळ लाललाल, स्वच्छ, त्या घरातलं सगळ्यात स्वच्छ माणूस. त्याने हात पुढे केला तसं सुईणीने त्याच्या हातावर चापट मारली.

"आधी धू ते."

तो आईकडे गेला. म्हातारी चकती चिंधीत बांधत होती.

"आई, एकदाच. नुसते हात."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं साबण कापणारा तिचा मुलगा, मानेवर मळाच्या रेघा, हात पुढे पसरून उभा.

"तू?" ती म्हणाली. "तुझ्याकडे पंच्याऐंशी आहेत ना?"

आणि तिने चकती गोधडीत ठेवून वर स्वतः बसकण मारली.

तारवाला ओसरीवर गेला. ढिगातून त्यातल्या त्यात चांगली वडी त्याने सवयीने निवडली, ठसाही पाहिला, आणि मग बादलीपाशी बसून हात, कोपर, मान, जिथे हात पोचेल तिथे घासत सुटला. फेस आला नाही. पण मातीच ती, मळ धरून खाली गेली. बऱ्याच वेळाने मनगटावरच्या वळाभोवती कातडीचा मूळ रंग दिसायला लागला, तसा तो उठला आणि हात झटकत नातीला घ्यायला आत गेला.